तिसऱ्या पहाटे फ्रिज बंद पडतो, पण बॅटरीवर १२.१ व्होल्ट दिसतात. बॅटरी वाढवावी, पॅनेल की लिथियम?

चाकावरचं_घर (प्रश्न):

ट्रेलरला बाहेरची वीज नाही, सगळं बॅटरी आणि सोलरवर. सेटअप असा: १२ व्होल्ट १०० एएचच्या (अँपिअर-तास) दोन एजीएम (बंदिस्त लेड-ॲसिड) बॅटऱ्या पॅरललमध्ये. छतावर सपाट बसवलेली १०० वॅटची दोन पॅनेल, तीही पॅरललमध्ये. २० अँपिअरचा पीडब्ल्यूएम (साध्या प्रकारचा) सोलर चार्ज कंट्रोलर. १००० वॅटचा प्युअर साइन इन्व्हर्टर.

लोड: १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज (प्लेटवर ४५ वॅट लिहिलंय), चार एलईडी दिवे, छतावरचा पंखा रात्रभर मंद वेगावर, पाण्याचा पंप, दोन फोन आणि रोज दोनेक तास लॅपटॉप. लॅपटॉपचा चार्जर इन्व्हर्टरवर चालतो. स्वयंपाक आणि गरम पाणी गॅसवर.

पूर्ण चार्ज करून मुक्काम सुरू केला की पहिल्या दोन रात्री काही तक्रार नसते. तिसऱ्या रात्री, पहाटे तीनच्या सुमाराला फ्रिज लो-व्होल्टेज दाखवून बंद पडतो. सकाळी बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावला तर १२.१ व्होल्ट. फ्रिजचं बॅटरी प्रोटेक्शन ‘हाय’वर आहे आणि मॅन्युअलप्रमाणे तो ११.४ ला कट होतो. मग १२.१ असताना बंद का पडावा?

पाच दिवस एका जागी राहता यावं एवढीच अपेक्षा आहे. तिसरी एजीएम जोडावी, पॅनेल वाढवावं की सरळ लिथियम घ्यावी?

---

अँपिअर_मोजणारा:

तिसरी बॅटरी जोडलीत तर फ्रिज तिसऱ्याऐवजी चौथ्या पहाटे बंद पडेल, एवढाच फरक. बॅटरी वीज साठवते, तयार करत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून आधी दिवसाचा खर्च आणि दिवसाची आवक मांडू. सगळं एएचमध्ये, २४ तासांचं:

फ्रिज: ४५ वॅट, पण कॉम्प्रेसर साधारण ४० टक्के वेळ चालतो असं धरू. सरासरी १८ वॅट, म्हणजे ४३२ वॅट-तास. भागिले १२, झाले ३६.
दिवे: ३ वॅटचे चार, चार तास. ४.
पंखा: दीड अँपिअरने आठ तास. १२.
पंप: ६ अँपिअर घेतो, पण दिवसभरात मिळून पंधरा मिनिटंच. दीड.
फोन: अडीच.
लॅपटॉप: ६५ वॅट दोन तास, इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरून १३.
स्टँडबाय (गॅस अलार्म, रेडिओचं घड्याळ, पॅनेलवरचे इंडिकेटर): पाव अँपिअर. ६.
इन्व्हर्टर नुसता चालू असताना: १२ वॅट म्हणजे १ अँपिअर. दिवसरात्र चालू राहिला तर २४.

एकूण ९९. शेवटची ओळ पुन्हा वाचा. इन्व्हर्टर दिवसरात्र चालू असेल तर दोन तासांच्या लॅपटॉपसाठी बाकीचे बावीस तास तो स्वतःलाच गरम ठेवत बसतो. फ्रिजनंतरचा दुसरा मोठा ग्राहक तोच ठरतो.

आता आवक. १०० वॅटच्या पॅनेलचा कमाल करंट ५.५ अँपिअरच्या आसपास असतो, दोघांचा ११. पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो, त्यामुळे १८ व्होल्टचा वरचा भाग वाया जातो आणि हाती ११ अँपिअरच लागतात. सपाट पॅनेलला दिवसभरात ४ तास पूर्ण उन्हाइतकं ऊन मिळालं तर ४४ एएच. धूळ आणि तिरप्या उन्हाचे १० टक्के वजा करा, ४०. एजीएम चार्ज होताना आणखी १० टक्के खाते. बॅटरीत खरे उतरतात ३६.

रोजची तूट ६३. दोन दिवसांत १२६ गेले, २०० मधले उरले ७४, म्हणजे ३७ टक्के. एजीएमला ३७ टक्क्यांना १२.१ च्या आसपासच दिसतं. तुमच्या मल्टिमीटरने खरं तेच सांगितलंय.

हिवाळ्यात ते ४ तास ३ वर येतात, ढगाळ दिवशी एकावर. उन्हाळ्यातल्या निरभ्र दिवशी ५-६ मिळतात. त्यामुळे एका ऋतूतला अनुभव दुसऱ्या ऋतूत लावू नका.

करायचं काय, तर इन्व्हर्टर बंद. लॅपटॉप यूएसबी-सी वर चार्ज होत असेल तर १२ व्होल्टवर चालणारा ६५ ते १०० वॅटचा पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जर घ्या आणि तो ११ ते २ या वेळातच लावा. तेवढ्याने खर्च ७३ वर येतो. तरीही आवकेच्या दुप्पटच आहे, त्यामुळे पॅनेल वाढवल्याशिवाय पाच दिवस निघणार नाहीत. त्याबद्दल बाकीचे लिहितीलच.

---

जाड_तार:

वरचा हिशेब बरोबर आहे, पण मूळ प्रश्न राहिला. बॅटरीवर १२.१ असताना ११.४ ला कट होणारा फ्रिज का बंद पडतो? कारण फ्रिज स्वतःच्या सॉकेटवरचं व्होल्टेज बघतो, बॅटरीवरचं नाही. आणि कॉम्प्रेसर बंद पडला की लोड जातो, व्होल्टेज पुन्हा वर येतं. म्हणून सकाळी मोजून काही कळत नाही.

कॉम्प्रेसर चालू असताना दोन ठिकाणी मोजा: एकदा बॅटरीच्या टर्मिनलवर, लगेच फ्रिजच्या प्लगपाशी. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर दोष मधल्या तारेत किंवा जोडात आहे. तारेची जाडी आणि एका बाजूची लांबीही कळवा. फ्रिज सिगरेट-लायटरच्या सॉकेटवर आहे का? असेल तर तो सॉकेट हा पहिला संशयित. स्प्रिंगवर टेकलेला एक टोकाचा संपर्क, प्रवासात हादरे बसून सैल होतो, मग तापतो, तापला की ऑक्साइड चढतो आणि रोध आणखी वाढतो. पंधरा मिनिटं फ्रिज चालल्यावर प्लग उपसून बोटाने बघा. गरम लागला तर बदला.

---

चाकावरचं_घर:

मोजलं. कॉम्प्रेसर चालू, करंट ४.२ अँपिअर. बॅटरीवर १२.३५, सॉकेटवर ११.५५. तार दीड चौरस मिमी, एका बाजूने ६ मीटर. सॉकेट लायटरवालाच आहे, प्लग कोमट लागतो.

सगळे स्विच बंद करून बॅटरीतून जाणारा करंट ०.५ अँपिअर. त्यात इन्व्हर्टर नुसता चालू केला की १.५. आतापर्यंत तो चालूच असायचा.

---

जाड_तार:

०.८ व्होल्टची घट. दीड चौरस मिमी तांब्याचा रोध मीटरला १२ मिलिओहम. जाणं-येणं मिळून १२ मीटर, म्हणजे १४५ मिलिओहम. ४.२ अँपिअरला ०.६ व्होल्ट तारेतच गेले. उरलेले ०.२ त्या प्लगमध्ये. लोकांना येणं मोजायचं लक्षात राहत नाही, निगेटिव्ह तारेतही तेवढीच घट होते. कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका याहून मोठा, तेव्हा घटही मोठी. म्हणजे तुमचा फ्रिज बॅटरी १२.२ वर असतानाच ११.४ बघतो आणि थांबतो.

६ चौरस मिमी टाका: मीटरला ३.१ मिलिओहम, बारा मीटरला ३७, घट ०.१६ व्होल्ट. मल्टीस्ट्रँड तांबंच घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम तार स्वस्त मिळते, पण तिचा रोध जास्त आणि क्रिम्प (दाबून केलेला जोड) कालांतराने ढिला पडतो. ही तार फ्यूज बॉक्समधून स्वतंत्र न्या, पंप किंवा दिव्यांच्या तारेला टॅप मारू नका. फ्रिजच्या टोकाला लायटर सॉकेट काढून फिरवून लॉक होणारा प्लग किंवा सरळ दोन पिनांचा जाड कनेक्टर. फ्यूज फ्रिजच्या मॅन्युअलमध्ये दिलेला, बहुतेक १५ अँपिअर. लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) क्रिम्पिंगच्या पक्कडनेच दाबा. साध्या पक्कडने चेपलेला लग ओढून बघितला तर बऱ्याचदा हातात येतो.

प्रोटेक्शन ‘हाय’वरून ‘मीडियम’वर आणा. ‘हाय’ हे गाडीच्या स्टार्टर बॅटरीसाठी असतं, सकाळी गाडी सुरू व्हावी म्हणून. ‘लो’वर मात्र नेऊ नका. तिथे एजीएम पार तळाला गेल्यावर फ्रिज थांबतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, तार बदलल्यावर फ्रिज थांबणार नाही, म्हणजे बॅटरी आणखी खोल उतरेल. आतापर्यंत ती बारीक तारच नकळत बॅटरीचं रक्षण करत होती. आवक वाढवायच्या आधी फक्त तार बदललीत तर एजीएम लवकर मारून टाकाल.

---

अँपिअर_मोजणारा:

स्टँडबाय ०.५ म्हणजे मी धरलेल्याच्या दुप्पट, दिवसाला १२ एएच. क्लॅम्प मीटर बॅटरीच्या निगेटिव्ह केबलवर लावा. डीसी मोजणारा हवा, साधा एसी क्लॅम्प शून्य दाखवेल. केबल आत घेण्याआधी मीटर शून्यावर आणा. मग फ्यूज एकेक काढत जा आणि कुठे आकडा पडतो ते बघा. हमखास सापडणारे दोन: टीव्ही अँटेनाचा बूस्टर आणि रेडिओची मेमरी लाइन. दोघांना छोटा स्विच बसवा. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मला हात लावू नका, ते थोडा करंट खातात तो खाऊ द्या.

क्लॅम्प नसेल आणि मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर सिरीजमध्ये लावणार असाल तर आधी फ्रिज, पंप, इन्व्हर्टर तिघांचे फ्यूज काढून ठेवा. इन्व्हर्टर सुरू होताना त्याचे कपॅसिटर भरतात, त्या झटक्याने मीटरचा फ्यूज जातो.

आणि कायमचा उपाय म्हणजे शंटवाला (करंट मोजायच्या छोट्या रोधाचा) बॅटरी मॉनिटर. व्होल्टमीटर बघून चार्ज ओळखायचा तर बॅटरी काही तास लोड आणि चार्ज दोन्हींविना पडून हवी, ट्रेलरमध्ये अशी वेळ येतच नाही. शंट निगेटिव्ह बाजूला लागतो आणि त्याच्या बॅटरीकडच्या बाजूला फक्त बॅटरीची एकच केबल हवी. सोलर कंट्रोलरची निगेटिव्ह किंवा चेसिसची तार चुकून थेट बॅटरीवर राहिली की तेवढा करंट मोजलाच जात नाही आणि दोन दिवसांनी टक्केवारी थापा मारायला लागते. सेटिंग: क्षमता २००, प्यूकर्ट (जोरात उतरवल्यावर क्षमता किती घटते याचा आकडा) १.२५ नाहीतर बॅटरीच्या डेटाशीटमधला आकडा, चार्ज कार्यक्षमता ९० टक्के. ‘पूर्ण चार्ज’ कधी मानायचा हे ठरवणारं व्होल्टेज फ्लोटपेक्षा (भरलेली बॅटरी टिकवायच्या व्होल्टेजपेक्षा) ०.२-०.३ खाली ठेवा आणि टेल करंट (चार्जच्या शेवटी उरलेला करंट) क्षमतेच्या २ ते ४ टक्के. फ्लोटपेक्षा वर ठेवलंत तर तो कधीच शंभरावर रीसेट होत नाही.

---

लोहफॉस्फेट:

लिथियमबद्दल. लोक विचारतात तसं ‘लिथियम घेतली की प्रश्न सुटतो’ असं नाही, पण तुमच्या बाबतीत तिचा फायदा वेगळ्याच ठिकाणी आहे.

साठवणीत फारसा फरक नाही. २०० एएच एजीएम अर्ध्यापर्यंत वापरायची म्हणजे १००. १०० एएचची एक लिथियम आयर्न फॉस्फेट ९० सहज देते. म्हणजे एक लिथियम तुमच्या दोघींच्या बरोबरीची. फायदा चार्जिंगमध्ये. एजीएम ८० टक्क्यांच्या पुढे करंट कमी कमी घेत जाते, शेवटचे वीस टक्के भरायला चार-पाच तास लागतात. दुपारी दोन वाजता ऊन भरपूर असतं आणि बॅटरी मात्र घ्यायला तयार नसते. लिथियम जवळजवळ शेवटपर्यंत येईल तेवढं घेते आणि परत देताना हरवते अगदी थोडं. शिवाय अर्धवट चार्जवर आठवडाभर राहिली तरी तिला काही होत नाही. एजीएमला तसंच ठेवलं तर सल्फेट कडक होतो आणि क्षमता कायमची घटते. तुमच्यासारखी रोजची तूट चालू असेल तर तिला आठवड्यातून एकदा तरी १०० टक्क्यांपर्यंत न्यायलाच हवं.

पण बॅटरी काढून दुसरी ठेवली, झालं, असं होत नाही. बदलावं लागतं ते असं.

चार्जर आणि सोलर कंट्रोलर, दोन्हींचं प्रोफाइल. शोषण व्होल्टेज (चार्ज होतानाचं कमाल) १४.२ ते १४.४, फ्लोट १३.५. तापमान भरपाई बंद. लेड-ॲसिडला थंडीत व्होल्टेज वाढवायचं असतं, दर अंशाला सुमारे ०.०२ व्होल्ट, लिथियमला ते नको. आणि डिसल्फेशन किंवा इक्वलायझेशन (लेड-ॲसिडसाठीचे जास्त व्होल्टेजचे टप्पे) बंद होत नसेल तर तो चार्जर वापरूच नका. १५ च्या वर गेला की बीएमएस (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) बॅटरी तोडतो, मग पॅनेलचा कंट्रोलर बॅटरीविना उघडा पडतो आणि त्याचं व्होल्टेज थेट १२ व्होल्टच्या उपकरणांवर उसळू शकतं.

शून्य अंशाखाली चार्जिंग नाही. ॲनोडवर धातूरूप लिथियम साचतं आणि ते नुकसान भरून येत नाही. उतरवायला हरकत नसते. बीएमएसमध्ये लो-टेम्परेचर कटऑफ आहे का हे घेण्याआधी विचारा, सगळ्यांत नसतो.

बीएमएसचा करंट. १००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडवर ९० अँपिअर ओढतो. १०० अँपिअरचा बीएमएस त्याला कसाबसा पुरतो, पण मोटर सुरू होतानाच्या झटक्याला ट्रिप होऊ शकतो. आणि ट्रिप झाला की ट्रेलरमध्ये एकदम अंधार. एजीएमसारखे दिवे मंद होत जाऊन सूचना मिळत नाही.

मुख्य फ्यूज. शॉर्ट झाला तर लिथियम हजारो अँपिअर सोडते आणि साधा एएनएल फ्यूज तो तोडताना आतल्या आत आर्क धरून ठेवू शकतो. क्लास-टी फ्यूज, पॉझिटिव्ह टर्मिनलपासून २० सेंमीच्या आत. इन्व्हर्टरला १२५ अँपिअर फ्यूज आणि ३५ चौरस मिमी केबल.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही. एजीएम २८-३० किलोची, लिथियम ११-१३ किलोची. बॅटऱ्या ट्रेलरच्या नाकावर असतील तर दोन काढून एक ठेवल्यावर नाकावरचं वजन पंचेचाळीस किलोने कमी होतं. हुकवरचं वजन कमी झालेला ट्रेलर वेगात डुलतो. वजन पुन्हा मोजा आणि सामान पुढे सरकवा.

आत्ताच्या एजीएम धडधाकट असतील तर त्या संपेपर्यंत वापरा, हे माझं मत. कंट्रोलर मात्र आताच लिथियम प्रोफाइलवाला एमपीपीटी (पॅनेलचं जादा व्होल्टेज वाया न घालवता करंटमध्ये बदलणारा) घ्या, पुढे तोच चालेल.

---

उन्हाच्या_मागे:

पॅनेलचं बघू. छतावर आणखी पॅनेल बसवता येतील, पण ट्रेलर सावलीत लावला की छतावरचं सगळं निकामी. आणि तळपत्या उन्हात तुम्ही ट्रेलर सावलीत लावणारच, कारण उन्हात ठेवला तर फ्रिजचा ड्यूटी सायकल (कॉम्प्रेसर चालण्याचा वेळ) चाळीसवरून साठ-सत्तर टक्क्यांवर जातो. म्हणून दुसरं पॅनेल घडीचं, २०० वॅट, जमिनीवर ठेवायचं. सूर्याकडे कललेलं आणि दिवसातून तीनदा फिरवलेलं पॅनेल ५ तासांच्या बरोबरीचं ऊन सहज पकडतं. उष्णता आणि तारेतली घट धरून ८०० वॅट-तास, बॅटरीत मोठ्या मनाने नाही तर हात आखडून धरले तरी ५० एएच. छतावरच्या ३६ मध्ये हे मिळवा: ८६. खर्च ७३, मोजलेला स्टँडबाय तसाच राहिला तर ७९. पाच दिवस काय, महिनाभर राहा.

घडीच्या पॅनेलमागे चिकटवून येणारा छोटा कंट्रोलर काढून टाका. तो पॅनेलपाशी असतो आणि मध्ये दहा मीटर तार. ६ चौरस मिमी असली तरी १० अँपिअरला ०.६ व्होल्टची घट. कंट्रोलरला त्याच्या टोकाशी १४.४ दिसतात तेव्हा बॅटरीला १३.८ च मिळतात, आणि तो समजतो बॅटरी भरत आली. कंट्रोलर बॅटरीजवळ ठेवा. मग तीच घट पॅनेलच्या १९ व्होल्टमध्ये होते, तीन टक्के, चार्जिंगच्या व्होल्टेजला धक्का नाही.

त्यासाठी १५ किंवा २० अँपिअरचा वेगळा एमपीपीटी. छतावरची आणि घडीची पॅनेल एकाच कंट्रोलरवर जोडू नका, दोघांचं व्होल्टेज वेगळं, कोन वेगळा, एक दुसऱ्याला खाली ओढेल. एका बॅटरीवर दोन कंट्रोलर चालतात. दोन्हींत शोषण आणि फ्लोट सारखंच भरा. एखादा लवकर फ्लोटला गेला तर घाबरू नका, त्याला दुसऱ्याचं व्होल्टेज दिसतंय.

सावलीबद्दल थोडं. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर फांदीची किंवा अँटेनाची सावली पडली तर उत्पादन त्या कोपऱ्याएवढंच कमी होत नाही. सेल सिरीजमध्ये असतात, एक अडला की त्याच्या बायपास डायोडमधली सगळी रांग वगळली जाते, अर्धं पॅनेल जातं. बाजूने कधी झाकलं जातं ते सकाळी नऊ आणि दुपारी तीनला छतावर बघा. छतावरच्या दोघांना पॅरलल ठेवलंत ते बरोबर आहे. सिरीजमध्ये केली असती तर एकीची सावली दोघींना भोवली असती. पुढे एमपीपीटीवर सिरीज करायची झालीच तर कंट्रोलरची कमाल व्होल्टेज मर्यादा बघा, पॅनेलचं ओपन सर्किट (काही न जोडतानाचं) व्होल्टेज थंडीत छापील आकड्याच्या वर जातं.

---

चाकावरचं_घर:

सगळ्यांचे आभार. दोन शंका उरल्या. ढग सलग दोन दिवस राहिले तर जनरेटर किती वेळ लावावा? आणि प्रवासात गाडीकडून चार्ज मिळतो असं समजून होतो, पण मुक्कामाला पोचल्यावर बॅटरी फारशी वाढलेली दिसत नाही.

---

जाड_तार:

दुसरीचं आधी. ट्रेलरच्या प्लगमधली चार्जिंगची तार बहुतेक अडीच चौरस मिमीची असते. बॅटरी रिकामी असेल तेव्हा अल्टरनेटरकडून १४ निघतात, दहा अँपिअर वाहू लागले की तारेतच व्होल्टभर गळतात, बॅटरीला १३ मिळतात. तेवढ्यावर एजीएम रांगत चार्ज होते. त्यात प्रवासात फ्रिज चालू, म्हणजे आलेले चार अँपिअर तोच घेतो. नव्या गाड्यांमध्ये स्मार्ट अल्टरनेटर, तो पेट्रोल वाचवायला व्होल्टेज १३ च्याही खाली आणतो, मग उलट काहीच येत नाही.

उपाय डीसी-डीसी चार्जर, २० अँपिअरचा, बॅटरीजवळ बसवायचा. येणारं व्होल्टेज कमी असलं तरी तो १४.४ करून देतो. गाडीच्या बॅटरीपासून स्वतंत्र १६ चौरस मिमी केबल, जाड वेगळा कनेक्टर, दोन्ही टोकांना ४० अँपिअर फ्यूज. दोन्ही टोकांना कारण दोन्हीकडे बॅटरी आहे. इंजिन बंद झाल्यावर तो थांबायला हवा, म्हणून इग्निशनची सिग्नल तार जोडा, नाहीतर रात्री गाडीची बॅटरी ट्रेलरमध्ये रिकामी होईल. तीन तासांच्या प्रवासात ५० एएच भरतील. लिथियम घेतलीत तर हा चार्जर ऐच्छिक राहत नाही. ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि कमी आरपीएमवर अल्टरनेटर तापून जळतो.

---

अँपिअर_मोजणारा:

जनरेटर सकाळी लावा, संध्याकाळी नाही. सकाळी बॅटरी तळाला असते आणि करंट भरभर घेते. पहिल्या तास-दीड तासात जे मिळतं ते खरं मिळतं, पुढचं सोलरवर सोडा. संध्याकाळी ८५ टक्क्यांवरच्या बॅटरीला जनरेटर लावला तर तासाला दहा-बारा एएचसाठी इंधन जाळत बसाल.

जनरेटरवरच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर विसंबू नका. बहुतेक ठिकाणी तो ८ अँपिअरचा आणि अनियंत्रित असतो. एसी आउटपुटला तीन टप्प्यांचा चार्जर लावा. तुमच्या २०० एएचला ४० अँपिअर चालेल, एजीएम क्षमतेच्या २० टक्के आरामात घेते. ४० अँपिअरचा चार्जर भिंतीकडून ६८० वॅटच्या आसपास घेतो, पण त्यात पॉवर फॅक्टर दुरुस्ती (करंट सुरळीत ओढणारं सर्किट) नसेल तर जनरेटरला तो १००० व्हीएच्या जवळ भासतो. एक केव्हीएचा जनरेटर त्याला काठावर आहे. पॉवर फॅक्टर दुरुस्तीवाला घ्या किंवा ३० अँपिअरवर समाधान माना. दीड तास ४० ने, ६० एएच. जनरेटर खिडक्यांपासून दूर आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला.

ढगाळ दिवसांत फ्रिज ५-६ अंशांवर ठेवा, आणि ऊन निघालं की दुपारी दोन अंशांवर आणून पाण्याच्या बाटल्या गार करून घ्या. रात्री पुन्हा ५. कंडेन्सरच्या मागे चार बोटं हवा खेळायला हवी. कपाटात कोंबलेला फ्रिज कितीही चांगला असला तरी बॅटरी खातो.

आणि काही विकत घ्यायच्या आधी दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या करून, पूर्ण चार्ज करून, रात्रभर तशाच ठेवून सकाळी मोजा. दोन्ही १२.८ च्या जवळ हव्यात. एक ०.२ ने खाली असेल तर ती दुसरीला रोज खाली ओढतेय. मग प्रत्येकीवर ५ अँपिअरचा लोड (१२ व्होल्टचे दोन ३० वॅटचे बल्ब) लावून १०.५ पर्यंत किती तास चालते ते बघा. २० तासांच्या जवळ आली तर उत्तम, १२ च्या आत आली तर वरचा सगळा हिशेब २०० ऐवजी १२० वर पुन्हा मांडावा लागेल. चाचणी संपल्या संपल्या चार्जला लावा. एक खराब निघाली तर नवी जुनीबरोबर जोडू नका, चांगली एकटीच वापरा. परत जोडताना पॉझिटिव्ह एका बॅटरीवरून आणि निगेटिव्ह दुसरीवरून घ्या, म्हणजे दोघी सारख्या उतरतात. कंट्रोलर जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल.